पहिलाच कॉम्प्युटर असेंबल करायचाय, बजेट ४० हजार. पार्ट निवडायला मदत हवी (चोपडा-जळगाव)

अनेरची_लेक | ११ मे २०२४

नमस्कार. मी चोपडा तालुक्यातली, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आतापर्यंत कॉलेजच्या लॅबवर आणि मोबाइलवर भागवलं. पण लॅब चारला बंद होते आणि माझी शेवटची सोयीची एसटी साडेचारला असते, त्यामुळे प्रॅक्टिकल कायम अर्धवट राहतं. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला कापूस आप्पांनी शेवटी एप्रिलमध्ये विकला आणि काल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्यातले ४० हजार माझ्या हातात दिले. यात मॉनिटर, कीबोर्ड सगळं बसवायचंय. पुन्हा पैसे मागायची सोय नाही, म्हणून विचारून घेते.

काम असं: जावा, पायथन, पुढच्या सेमिस्टरला अँड्रॉइड स्टुडिओ. भावाला व्हॅलोरंट खेळायचंय. आप्पांना सातबारा आणि पीक विम्याची कामं घरीच करायचीत.

तालुक्याला एका दुकानात कोटेशन घेतलं: 'आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, २५६ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ४५० वॅटचं कॅबिनेट', २६ हजार, मॉनिटर वेगळा. ऐकायला भारी वाटतं. घेऊ का?

भुसावळ_जंक्शन | ११ मे २०२४

ताई, आधी त्या आय-५ चा पूर्ण नंबर विचार. नुसतं 'आय-५' म्हणजे नुसतं 'ट्रॅक्टर' म्हटल्यासारखं आहे. कोणत्या सालचा, किती एचपीचा, काहीच कळत नाही. मदरबोर्डाचा चिपसेट (त्यावरची मुख्य चिप) आणि ग्राफिक कार्डाचा नंबरही घे. मग बोलू.

अनेरची_लेक | ११ मे २०२४

फोन करून विचारलं दादा. प्रोसेसर आय-५ ३४७०, बोर्ड एच६१ (नवीन, डबाबंद म्हणाले), कार्ड जीटी ७३० चार जीबी.

भुसावळ_जंक्शन | ११ मे २०२४

मग घेऊ नकोस.

३४७० हा २०१२ चा प्रोसेसर आहे. चार कोअर (काम करणारे भाग), चारच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), रॅम जुन्या पिढीची, डीडीआर३. बोर्ड डबाबंद असेल, पण एच६१ चिपसेट २०११ चा. जुन्या चिप वापरून असे बोर्ड अजून बनतात आणि नवीन म्हणून विकले जातात. त्या चिपसेटला साटाचा (एसएसडी, हार्डडिस्क जोडायच्या मार्गाचा) वेग ३ गिगाबिटच मिळतो, म्हणजे तू नवी एसएसडी लावलीस तरी ती निम्म्या वेगाने पळेल. एनव्हीएमई (त्याहून वेगवान एसएसडी) विसरच. आणि विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा किंवा रायझन २००० पासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप). विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय. म्हणजे तुझं तिसरं वर्ष संपून चार-सहा महिने होत नाहीत तोच मशीनचं वय संपलं. भावाचं व्हॅलोरंटही विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) मागतं.

आता ते '४ जीबी ग्राफिक'. कार्डाची मेमरी किती यापेक्षा ती किती वेगाने वाचता येते हे बघायचं असतं. जीटी ७३० चं जे डीडीआर३ आणि ६४ बिटवालं कार्ड येतं त्याचा वेग सेकंदाला १४.४ गिगाबाइट. आजच्या डीडीआर४ ३२०० रॅमच्या दोन कांड्या लावल्या तर ५१.२ गिगाबाइट मिळतात. तो वेग प्रोसेसर आणि ग्राफिक्स वाटून घेतात हे खरं, तरी प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स या कार्डाला मागे टाकतं. दुकानदार फसवतोय असंच म्हणत नाही मी. गिऱ्हाईक 'आय-५' आणि '४ जीबी' एवढंच विचारतं, तो तेवढंच देतो.

माझा सल्ला: वेगळं ग्राफिक कार्ड आता घेऊच नको. रायझन ५ ५६००जी घे. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, आत वेगा ७ ग्राफिक्स. व्हॅलोरंट यावर नीट चालतं.

पाचोरा_कट_टू_कट | ११ मे २०२४

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं. आय-३ १२१०० बघ ताई. चारच कोअर आहेत, पण एका कोअरची ताकद ५६००जी पेक्षा जास्त. त्याच्या आतल्या यूएचडी ७३० ग्राफिक्समध्ये क्विक सिंक (व्हिडिओचं काम झटपट करणारा भाग) आहे, मोबाइलचं एच.२६५ फुटेज टाइमलाइनवर अडकत नाही. बोर्ड एलजीए १७०० सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा), म्हणजे उद्या पैसे आले की त्याच बोर्डावर बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीचा आय-५ बसतो. रायझनचा एएम४ सॉकेट आता म्हातारा झाला, नवीन सगळं एएम५ वर येतंय.

फक्त शेवटी 'एफ' असलेला घेऊ नकोस. १२१००एफ स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्सच नसतं. माझ्या मावसभावाने घेतला आणि घरी आल्यावर कळलं की मॉनिटरची केबल लावायला जागाच कामाची नाही.

भुसावळ_जंक्शन | ११ मे २०२४

पाचोरेकर भाऊ, तुमच्या कामाला १२१०० च बरोबर, त्यात वाद नाही. पण ताईचं काम बघा. अँड्रॉइड स्टुडिओ, त्यात एम्युलेटर (कॉम्प्युटरवर चालणारा नकली मोबाइल), बाजूला ब्राउझर उघडं. तिथे सहा कोअर कामाला येतात. खेळासाठी वेगा ७ हे यूएचडी ७३० च्या बरंच पुढे आहे आणि वेगळं कार्ड दोन वर्षं तरी येणार नाही. एएम४ वरही वाट संपलेली नाही. रायझन ७ ५७००एक्स३डी याच जानेवारीत आलाय, तो याच सॉकेटवर बसतो. तेव्हा मात्र वेगळं कार्ड लागेल, कारण त्याच्या पोटात ग्राफिक्स नाही.

५६००जी ची उणी बाजूही सांगतो. यात कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आहे, साध्या ५६०० मध्ये ३२. आणि पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक कार्ड जोडायचा मार्ग) ३.० वरच थांबतं. म्हणून पुढे आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेनचं (डेटाच्या वाटांचं) कार्ड घेतलं तर त्याचा वेग इथे मार खातो. आठ लेनचं आरएक्स ६६०० चालेल.

सातपुडा_शहादा | १२ मे २०२४

मी शिक्षक आहे. शाळेसाठी आम्ही कंपन्यांमधून निघालेले जुने ब्रँडेड डेस्कटॉप आणले होते, सहाव्या पिढीचे आय-५. दहा हजारांच्या आत मिळाले, तीन वर्षं विनातक्रार चालू आहेत. ताईंनी तसा एखादा घेऊन उरलेले पैसे फीसाठी ठेवले तर? शेतकऱ्याच्या घरातले चाळीस हजार आहेत, म्हणून हा विचार मांडला.

भुसावळ_जंक्शन | १२ मे २०२४

सर, चांगला मुद्दा. टायपिंग, इंटरनेट, शाळेची लॅब, याला तोच पर्याय सगळ्यात शहाणपणाचा. ताईच्या बाबतीत दोन अडचणी. सहावी पिढी विंडोज ११ च्या यादीत नाही. आणि त्या ब्रँडेड पेट्यांमध्ये एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि बोर्डाची जोडणी बहुतेक कंपनीच्या स्वतःच्या मापाची असते. एसएमपीएस गेला की बाजारातला बसत नाही. आठव्या पिढीच्या पुढचा, बिलासकट मिळाला तर मीही हो म्हणेन.

पांझराकाठ | १२ मे २०२४

मी धुळ्याला रिपेअरिंगचं काम करतो, तेरा वर्षं झाली. तुम्ही सगळे प्रोसेसरवर बोलून राहिले, माझ्या टेबलावर प्रोसेसर खराब झालेलं मशीन वर्षात एखादं येतं. बाकी सगळी एसएमपीएसमुळे मेलेली. ताई, एक गोठ ध्यानमा ठेव: कंपूटर कितला बी भारी ऱ्हावो, करंट चांगला नही ते काहीच नही.

कॅबिनेटसोबत फुकट येणारा '४५० वॅट' काढून टाकायला सांग. त्याचं लेबल वाच. +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघ, कारण प्रोसेसर आणि कार्ड सगळं त्याच १२ व्होल्टवर चालतं. परवाच एक आला होता, वर ४५० वॅट आणि १२ व्होल्टला १६ अँपिअर. सोळा बारा १९२. हा खरा आकडा. चांगल्या ४५० मध्ये ३२-३४ अँपिअर तरी असतात. कोर्सेअर सीव्ही४५० किंवा डीपकूल पीके४५०डी असा ब्रॉन्झचा घे. तुझं मशीन सव्वाशे वॅटच्या वर क्वचितच जाईल, पण पुढे कधी कार्ड लावायचं झालं तर ४५० ठीक. ब्रॉन्झ म्हणजे वीज कमी वाया जाते एवढंच, तो टिकाऊपणाचा दाखला नाही. म्हणून वॉरंटी किती वर्षांची तेही विचार. लेबलवर इनपुट १००-२४० आहे की २००-२४० हेही बघ. संध्याकाळी गावात मोटारी सुरू झाल्या की दाब १८० वर येतो ना? मग २००-२४० वाला तिथे धापा टाकतो.

मागच्या वर्षी एक पोरगी आली होती, शेवटच्या सेमिस्टरची. स्वस्तातला एसएमपीएस जाताना बोर्ड आणि हार्डडिस्क दोन्ही घेऊन गेला, प्रोजेक्ट त्यातच. तिचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. म्हणून एवढं लिहून राहिलो.

आता अर्थिंग. घरी तीन पिनचा सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. लोक म्हणतात एसएमपीएस खराब आहे. तसं नसतं. आत फिल्टरचे दोन कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थिंग असलं की ती बारीक गळती जमिनीत जाते. नसलं की बॉडीवर निम्मा दाब बसतो, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा, पण मॉनिटरची केबल लावताना पोर्ट त्याने जळू शकतो.

वायरमनला मीटर घेऊन बोलाव. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखे आले पाहिजेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. आणि एक मुद्दाम सांगतो. काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात. मीटरवर सगळं बरोबर दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर पूर्ण २३० कॅबिनेटवर येतात. न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आणि कूलर चालू केला तरी शून्यच, तर सॉकेट उघडून दाखवायला लाव. स्वतः उघडू नको.

अनेरची_लेक | १२ मे २०२४

दादा, तुमचं सगळं आप्पांना वाचून दाखवलं. आमच्या फ्रीजला झिणझिण्या येतात, आम्हाला वाटायचं फ्रीजच तसा आहे. उद्या मतदान, परवा वायरमन येईल.

यावल_केळीबाग | १२ मे २०२४

आमच्या भागाचा मे महिना धरून बोला लोकहो. पुण्या-मुंबईचे लोक व्हिडिओत दाखवतात, प्रोसेसर ६५ डिग्रीवर. त्यांच्या खोलीत २५ असतात. आपल्याकडे दुपारी पत्र्याखाली ४२. खोली १७ ने तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो, म्हणजे ८२. ५६००जी ची मर्यादा ९५ आहे, त्यामुळे जळणार नाही, डब्यातला कूलर पुरतो. पण कॅबिनेट काचेचं तोंड असलेलं घेऊ नको, दिसायला छान आणि आतून भट्टी. समोर जाळी असलेलं घे. एक पंखा समोरून आत घेणारा, एक मागून बाहेर टाकणारा, एवढे असले की झालं.

आणि घरातला पाण्याचा कूलर. त्याच्या झोतात कॉम्प्युटर ठेवायचा नाही. मी ठेवला होता. बोअरचं पाणी खारं, बारीक तुषार आत जाऊन वाळले आणि बोर्डावर पांढरा थर चढला. दोन उन्हाळ्यांत यूएसबीचे पोर्ट गंजले. झोत माणसावर पडू द्या, मशीन बाजूला.

अनेरची_लेक | १४ मे २०२४

वायरमन येऊन गेला. न्यूट्रल-अर्थ ६४ व्होल्ट! अर्थिंगची वायर मागच्या भिंतीपर्यंत आलीये आणि तिथे नुसती लोंबकळतेय, जमिनीत काहीच नाही. आप्पा आणि काका आज खड्डा खणताहेत, कोळसा-मीठ टाकून पाइप बसवणार. तो खर्च आप्पा वेगळा करतील म्हणाले.

आता राहिलेले प्रश्न: रॅम १६ ची एक कांडी घेऊ की ८ च्या दोन? एक घेतली तर पुढे वाढवायला जागा राहील असं भाऊ म्हणतो. आणि बोर्ड ए५२० की बी४५०?

भुसावळ_जंक्शन | १४ मे २०२४

आप्पांना माझा नमस्कार सांग. तो खड्डा घरातल्या सगळ्या वस्तूंना पुरेल.

रॅम आठच्या दोन. भावाचं म्हणणं वेगळं कार्ड असतं तर मी मान्य केलं असतं. तुझ्याकडे ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटात, त्याला स्वतःची मेमरी नाही, तो याच रॅममधून खातो. एक कांडी म्हणजे वेग निम्मा, २५.६. खेळात फरक सरळ डोळ्यांना दिसतो. दोन्ही कांड्या एकाच पाकिटातल्या, ३२०० च्या घे.

बोर्ड: ए५२० पुरे. त्यात ओव्हरक्लॉक (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं) नाही, तुला नकोच आहे. दोनऐवजी चार रॅमचे स्लॉट असलेला बी४५० त्याच भावात मिळाला तर तो घे, म्हणजे भावाचीही इच्छा राहील. पण खोक्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' असं स्टिकर बघ. जुना साठा असेल तर बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) जुना असतो आणि ५६००जी लावल्यावर पडद्यावर काहीच येत नाही. स्टिकर नसेल तर दुकानातच बायोस अपडेट करून, चालू करून दाखवा म्हणावं. एम.२ स्लॉट (बोर्डावरची एसएसडीची खाच) एनव्हीएमईचा आहे ना तेही बघ. एसएसडी घेताना नुसतं 'एम.२' लिहिलंय यावर जाऊ नको, साटावाली एम.२ पण येते. ती ५५० एमबीला थांबते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पुढे जाते आणि भावात आता फरक राहिलेला नाही.

प्रोसेसर डबाबंदच. ट्रेवाला (डब्याशिवाय सुटा) हजार-बाराशेने स्वस्त पडतो, पण त्यात कूलर नाही आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नाही.

पाचोरा_कट_टू_कट | १५ मे २०२४

पटलं दादा, एम्युलेटरचा विचार मी केला नव्हता. ताई, जळगावला गेलीस तर गोलाणी मार्केटमध्ये दोन-चार ठिकाणी भाव विचार. प्रत्येक पार्टचा नंबर आणि सिरीयल नंबर जीएसटी बिलावर लिहून घे. 'बिलाशिवाय एवढे कमी होतील' म्हटलं तर थोडंसं हसून नाही म्हण. वॉरंटी त्या कागदावरच मिळते.

अनेरची_लेक | १८ मे २०२४

घेतलं! सकाळच्या एसटीने आप्पा आणि मी गेलो, पाच दुकानं फिरलो. ५६००जी ११,८००. बी४५० बोर्ड चार स्लॉटचा, स्टिकरवाला, ५,२००. रॅम ३,४००, एनव्हीएमई ५०० जीबी ३,३००, ब्रॉन्झचा एसएमपीएस ३,३००. त्याचं लेबल मी दुकानात उभं राहून वाचलं, इनपुट १००-२४० आहे. जाळीचं कॅबिनेट २,८००, बावीस इंची आयपीएस मॉनिटर ६,९००, कीबोर्ड-माउस ८००. हे झाले ३७,५००. उरलेल्यात ६०० व्हीएचा यूपीएस, २,४००. एकूण ३९,९००. दुकानदार काका चांगले होते. मी लिहून नेलेला कागद त्यांनी नीट वाचला आणि विचारलं, कुणी काढून दिलं? मी म्हटलं, माझ्या दादांनी.

असेंबल मात्र घरीच करायचं ठरवलंय.

पांझराकाठ | १८ मे २०२४

शाब्बास बहीन. प्लास्टिकच्या खुर्चीवर सिंथेटिक कपडे घालून बसू नको. आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव, मग बोर्डाला. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्रोसेसरची वेगळी पॉवर केबल विसरू नको, पंखे फिरतात आणि पडदा काळा, असं बहुतेक तिच्यामुळेच होतं.

अनेरची_लेक | १९ मे २०२४, रात्री

पडदा काळाच आहे. पंखे फिरताहेत. ती केबल लावलीये, तीनदा बघितली. खूप भीती वाटतेय, काही जळलं तर नाही ना? आप्पा काही बोलले नाहीत, शेजारी बसून आहेत.

भुसावळ_जंक्शन | १९ मे २०२४, रात्री

काही जळलेलं नाही, घाबरू नको. मेन बंद कर. रॅम दोन्ही काढ. चार स्लॉट आहेत ना? प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. कांडी सरळ ठेवून दोन्ही टोकांना अंगठ्याने दाब, 'टक' असा आवाज येईपर्यंत. पहिल्यांदा असेंबल करणारा प्रत्येक जण तिथे जोर लावायला घाबरतो. केबल बोर्डाच्या एचडीएमआयला. आणि चालू केल्यावर एक-दोन मिनिटं थांब, पहिल्या वेळी रॅमची ओळख पटायला वेळ लागतो.

अनेरची_लेक | १९ मे २०२४, रात्री

आला!!! एका बाजूची खिटी बसलीच नव्हती. आप्पांनी आईला झोपेतून उठवून आणलं पडदा बघायला.

पाचोरा_कट_टू_कट | २० मे २०२४

अभिनंदन ताई! आता बायोसमध्ये दोन गोष्टी. एक्सएमपी चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वरच चालत राहते. आणि एसव्हीएम मोड चालू कर, त्याशिवाय अँड्रॉइडचा एम्युलेटर सुरूच होणार नाही.

अनेरची_लेक | २६ मे २०२४

दोन्ही केलं. टास्क मॅनेजरमध्ये आता ३२०० दिसतात. एम्युलेटर चालतो, बाजूला ब्राउझर उघडं ठेवूनही अडत नाही. काल दुपारी खोलीत ४३ होते, भाऊ तासभर खेळला, प्रोसेसर ८४ वर गेला आणि तिथेच राहिला. कॅबिनेटला झिणझिण्या नाहीत. फ्रीजलाही नाहीत. आप्पांनी काल पहिला सातबारा स्वतः काढला, दोन बोटांनी टाइप करून.

एक विचारायचं राहिलं. आमचं घर रस्त्याला लागून आहे, धूळ फार येते. आतून साफ कसं आणि किती दिवसांनी करायचं?

यावल_केळीबाग | २६ मे २०२४

दोन महिन्यांतून एकदा, पाऊस लागायच्या आधी एकदा नक्की. प्लग काढ, अंगणात आण, झाकण उघड. फवारणीचा किंवा घरचा ब्लोअर चालतो, पण वीतभर लांबून. आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, मोकळं फिरू देऊ नको, बेअरिंग जातं. समोरची जाळी काढून पाण्याने धुतलीस तरी चालेल, पूर्ण वाळली की मगच लाव.